महिन्याभरात साक्षर

पहूर, ता. ८ ऑगस्ट १९३९

ती. कुंदामावशीस लताचा नमस्कार.

तू धुळ्याहून पाठवलेला गठ्ठा पाचोऱ्याच्या छोट्या गाडीने काल आला. वरचा कागद भिजला होता, पण वाचनमाला कोरड्या आहेत. पाट्यांपैकी एक फुटली. ती मी माझ्यासाठी ठेवली.

वर्ग आमच्याच ओसरीवर भरतो. निंदणीचे दिवस आहेत. बायका शेतातून येतात, हातपाय धुतात आणि चुली पेटायच्या आत तासभर बसतात. माझ्या सासूबाई सगळ्यांत पुढे बसतात. सुनेपुढे पाटी घेऊन बसायला लाजतील असं मला वाटलं होतं. उलट त्याच बाकीच्यांना हाका मारून आणतात. परवा मला म्हणाल्या, "माह्या बापानं मले ढोरामागं धाडलं. तुह्या मावशीनं तुले शाळेत धाडलं. आता तू मले शिकव, म्हंजे फिटलं."

पण मावशी, काम फार हळू चाललं आहे. झुलालभाऊंच्या घरच्या वच्छलाबाई 'कमळ' वाचतात, पण त्यातला 'म' एकटा दाखवला की ओळखत नाहीत. आणि इथल्या बोलण्यात 'ळ' नाहीच. मी 'डोळा' म्हणते, बायका 'डोया' म्हणतात आणि पुस्तकातलं अक्षर कुठलं ते शोधत बसतात. आधी त्यांच्या तोंडचे शब्द लिहून दाखवावेत, मग पुस्तकाकडे वळावं, असं मनात येतं. रोज थोडं थोडं, पण वर्षभर वर्ग चालला तर जमेल. तुला काय वाटतं?

माझी शेवंती चालायला लागली. तुझा फोटो दाखवला की 'मावची' म्हणते.

तुझी,
लता

धुळे, ता. १६ ऑगस्ट १९३९

चि. सौ. लता हिस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. वर्षभर म्हणतेस, म्हणजे कधीच नाही. कापूस फुटला की तुझी ओसरी रिकामी होईल, नंतर लग्नसराई, नंतर उन्हाळ्याची पाण्याची वणवण. मी इथे हेच पाहत आले आहे. आमच्या वर्गातली एक बाई मला तोंडावर म्हणाली, "माले काय करनं शे वाचीसनी?" वाचून मला काय करायचे, असा तिचा सवाल. रेंगाळलेल्या वर्गाचे असेच होते. फळ दिसायला उशीर झाला की माणसे उठून जातात.

तुमच्याकडे केळीची बाग आहे. पाणी बारीक सोडले तर ते पहिल्याच वाफ्यात मुरते, जोराने सोडले तर टोकापर्यंत जाते. तसेच कर. दिवसातून दोन बैठका घे, शेतावर जाण्याआधी एक आणि आल्यावर एक. पुस्तक सोडून इकडेतिकडे जाऊ नकोस. महिन्याभरात पहिली वाचनमाला संपलीच पाहिजे. बोलीचे शब्द लिहून दाखवण्याचे लाड नकोत. ज्या भाषेतून त्यांना बाहेर काढायचे तीच पाटीवर कशाला?

आपल्या भगिनी मंडळाचा समारंभ दसऱ्याच्या आधी आहे. तुमच्या बाजूचे एकही गाव अजून मंडळाच्या साक्षर गावांच्या यादीत नाही. पहूरचे नाव आले तर मला किती बरे वाटेल ते तुला सांगायला नको. परीक्षा घ्यायला मी स्वतः येईन.

शेवंतीचा पापा घे.

कुंदामावशी

पहूर, ता. १४ सप्टेंबर १९३९

ती. मावशीस नमस्कार.

तू म्हणालीस तसं केलं, आणि खरंच सांगते, मला विश्वास बसत नाही. वाचनमाला संपत आली. सकाळची बैठक उजाडताच घेते. बायका पेंगतात, म्हणून मी मोठ्याने वाचते आणि त्या माझ्यामागून वाचतात. संध्याकाळी तोच धडा पुन्हा. आता मी नुसतं चित्राचं पान उघडलं की सगळ्या एका सुरात धडा म्हणतात. रस्त्याने जाणारी माणसं थांबून ऐकतात. सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर असतो.

एवढ्या लवकर कसं काय, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, नेट लावला की होतं. हे हसले आणि बैल सोडायला गेले.

एक लहानशी गोष्ट झाली. वच्छलाबाईंनी परवा एकदम दोन पानं उलटली आणि मधल्या सुटलेल्या पानावरचाच धडा वाचून दाखवला. मी पान मागे घेतलं, त्याही हसल्या, मीही हसले. घाईत होतं असं.

परीक्षेला ये. सासूबाई तुझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि शेवभाजी करणार आहेत. त्यांनी तुझ्या जेवणाची तयारी आत्तापासून काढली आहे.

लता

धुळे, ता. १२ ऑक्टोबर १९३९

चि. सौ. लतास आशीर्वाद.

समारंभ होऊन आठवडा होत आला तरी तुझे पत्र नाही. परवापर्यंत वाटले, प्रवासाचा शीण असेल.

तू व्यासपीठावर उभी राहिलीस तेव्हा मला तुझी आई आठवली. अंगठा उठवून गेली बिचारी. तिच्या लेकीने एका महिन्यात एक ओसरीभर बायका साक्षर केल्या, हे सगळ्या सभेने ऐकले. हार घालताना अध्यक्षीणबाई माझ्या कानात म्हणाल्या, "ही तुमचीच ना?"

आता काम सांगते. मंडळाला तुझी रीत लिहून हवी आहे. बैठका कधी घेतल्या, धडे कसे वाटून दिले, सगळे तपशीलवार लिही. ते मासिकात छापायचे आहे. बोदवडच्या बाजूला काही गावांत हिवाळ्यात असेच वर्ग काढायचे ठरते आहे. उशीर करू नकोस.

परीक्षेच्या दिवशी मला जेवू घालणाऱ्या तुझ्या सासूबाई भिकुबाईंना माझा नमस्कार सांग. प्रशस्तिपत्रक चौकटीत घालून भिंतीवर लावले का?

कुंदामावशी

पहूर, ता. २० ऑक्टोबर १९३९

ती. मावशीस नमस्कार.

शेवंतीच्या डोळ्यांचं दुखणं लांबलं आहे. तिला घेऊन जळगावला होतो, म्हणून पत्र नाही. लेख लिहायला आत्ता जमणार नाही. पत्रक भिंतीवर आहे.

लता

धुळे, ता. ३ नोव्हेंबर १९३९

चि. सौ. लतास आशीर्वाद.

मुलांचे डोळे येतात आणि जातात, त्यासाठी एवढे कामकाज सोडून बसायचे नसते. बोरिकच्या पाण्याने धूत जा. तुझा लेख येईना म्हणून मला मंडळात खाली मान घालावी लागली. शेवटी मला आठवले तसे तुझे वेळापत्रक मीच लिहून दिले आणि ते गावोगाव पाठवलेही. कापूस वेचणी चालू असताना सकाळ-संध्याकाळ बैठका घेतल्या जात आहेत.

एक विचारते, रागावू नकोस. कौतुक झाल्यावर तुझे डोके फिरले का? की सासरी कुणी बोलले? तुला मी लहानाची मोठी केली. मनात असेल ते मोकळे लिही.

कुंदामावशी

पहूर, ता. १० नोव्हेंबर १९३९

ती. मावशीस,

मोकळं लिही म्हणालीस, तर लिहिते. गावोगावचे ते वर्ग थांबव. हे आधी लिहिलं, कारण पुढचं लिहून होईल की नाही ठाऊक नाही.

मी समारंभाला निघाले तेव्हा शेवंतीचे डोळे आलेले होते. जामनेरच्या दवाखान्यातून डोळ्यांत घालायचं औषध आणलं होतं. बैलाच्या खांद्याला जखम होती, त्याचंही औषध ह्यांनी आणलं होतं. बाटल्या घरच्याच, एकसारख्या, आणि दोन्ही औषधं पाण्यासारखी. चिठ्ठ्या मात्र नीट डकवलेल्या होत्या. एकीवर 'डोळ्यांसाठी', दुसरीवर 'जखमेसाठी'. दोन्ही कोनाड्यात होत्या.

निघताना शेजारपाजारच्या बायका मला पोचवायला जमल्या होत्या. मी सासूबाईंना म्हटलं, "संध्याकाळी तिच्या डोळ्यांत औषध घाला. आता तुम्हांला वाचता येतं, चिठ्ठी पाहून घाला." मावशी, मी ते त्यांच्यासाठी बोलले नव्हते, बायकांनी ऐकावं म्हणून बोलले होते. सासूबाईंनी बाटल्यांकडे पाहिलं आणि मान हलवली.

समारंभाहून परतले तेव्हा हाराची फुलं माझ्या पिशवीत होती. सासूबाई अंगणात शेवंतीला पोटाशी धरून बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. शेवंतीच्या डोळ्यांवर ओलं फडकं होतं. हे तिला दवाखान्यात न्यायला गाडी ठरवायला गेले होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी इचारलं नाई, लता. मी कोनालेच इचारलं नाई."

शेजारीच शाळामास्तर राहतात. त्यांना हाक मारली असती तर त्यांनी क्षणात सांगितलं असतं. मी म्हटलं, का नाही विचारलं? तर म्हणाल्या, "सभा भरली माह्यासाठी. तू हार घ्याले गेली. अन् मी मास्तरले इचारू, हे काय लिहिलं म्हून? तुही अब्रू गेली असती."

दोन्ही चिठ्ठ्यांचा शेवट सारखा दिसला. 'डोळा' त्यांना पुस्तकात यायचा, कारण तिथे डोळ्याचं चित्र होतं. बाटलीवर चित्र नव्हतं. मी आल्यावर त्यांना वाचनमालेतलं एक पान दिलं, वर हात ठेवून चित्र झाकलं. त्यांना एक शब्द वाचता आला नाही. हात काढला तर सबंध धडा म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता रडायला लागल्या. तसं करायला नको होतं मी. त्या वेळीही मला त्यांची परीक्षाच घ्यावीशी वाटली.

मुलीचा डावा डोळा सुधारला. उजव्यात फूल पडलं आहे. जळगावचे डॉक्टर म्हणतात, उजेड कळेल, याहून जास्त आशा धरू नका.

ह्यांनी भिंतीवरचं पत्रक काढायला हात घातला तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे तिथंच." कुणाशी बोलत नाहीत. शेवंतीला मात्र खाली ठेवत नाहीत. मी त्यांच्या हातून मुलीला घेतलं की त्यांना वाटतं, मी विश्वास ठेवत नाही. घेतलं नाही तर मला वाटतं, मी मोठेपणाचं सोंग करते आहे. एका घरात आम्ही दोघी एकमेकींच्या समोर यायचं टाळतो.

वच्छलाबाईंनी दोन पानं उलटली होती, ते मी तुला लिहिलं होतं. म्हणजे मला दिसलं होतं. दिसूनही मी हसले.

लता

धुळे, ता. १९ नोव्हेंबर १९३९

चि. लता,

तुझे पत्र आले तेव्हा मी शाळेत होते. वर्गात पत्र वाचू नये असे मुलींना शिकवते आणि स्वतः वाचले. पुढचा तास मला घेता आला नाही.

तू सगळे स्वतःवर घेतले आहेस. परीक्षा तू घेतली नव्हतीस, मी घेतली होती. भिकुबाई वाचत होत्या तेव्हा त्यांचे बोट एका ओळीवर होते आणि तोंडातली ओळ त्याच्या बरीच पुढची होती. तू त्यांच्या मागे उभी होतीस, तुला दिसले नसेल. मला दिसले. गाडीची वेळ होत आली होती, समारंभाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. शिवाय त्या बाईंनी मला इतक्या मायेने वाढले होते की, त्यांच्याच ओसरीवर बसून 'येत नाही' म्हणायला माझी जीभ वळेना. मी बायकांच्या साक्षरतेच्या पत्रकांवर सही केली. मुली, त्या सहीने त्यांना मास्तरांना विचारण्याची सोय राहिली नाही.

मी मंडळाच्या बैठकीत सांगितले. तुझे नाव घेतले नाही, माझे घेतले. म्हटले की, आपण बायकांना पाठांतर दिले आणि त्याला वाचन म्हटले. वेळ वाढवला म्हणजे शिकणे वाढते, असे मी धरून चालले. तो वाढवलेला वेळ दमलेल्या बायकांकडून एकाच धड्याचा घोष करून घेण्यात गेला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, एका म्हाताऱ्या बाईच्या चुकीसाठी चालती मोहीम बंद करता येत नाही. मी उठले आणि दुसऱ्या दिवशी बोदवडच्या बाजूला निघाले. ज्या ज्या गावी माझे वेळापत्रक गेले होते तिथे जाऊन बायकांना सांगितले की, चूक माझी आहे, सकाळी झोप घ्या. एका गावात पाटलांनी मला बसायलाही सांगितले नाही. बरोबरच केले त्यांनी.

तुझ्याकडे यायला पाय उचलत नाही. शेवंतीला पाहायला हवे हे कळते. पण भिकुबाईंसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?

कुंदामावशी

पहूर, ता. २५ फेब्रुवारी १९४०

ती. मावशीस नमस्कार.

कापूस संपला तसं मी बायकांना पुन्हा ओसरीवर बोलावलं. वर्ग आहे असं सांगितलं नाही. सगळ्या आल्यावर उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्हांला दिलेली पत्रकं खोटी आहेत. तुम्हांला वाचता येत नाही आणि तो दोष तुमचा नाही. मी तुम्हांला वाचायला शिकवलंच नाही."

मला वाटलं, चिडतील. पण वच्छलाबाई म्हणाल्या, "आम्हाले माहीत व्हतं, बाई."

मी विचारलं, काय माहीत होतं?

"आम्हाले वाचता येत नाई ते. साऱ्या जनींले माहीत व्हतं. पन तुम्ही सकायी सकायी दारोदार फिरत व्हत्या, पोर काखेत घेऊन. तुमचा हिरमोड कोन करनार? तुमची मावशी धुय्याहून आली, म्हटलं, पोरीची मान खाली नको व्हायाले."

मावशी, त्या मला सांभाळून घेत होत्या. मी समजत होते, मी त्यांना वर काढते आहे, आणि त्या माझ्या हौसेसाठी उजाडताच उठून येत होत्या. मी तिथेच खाली बसले. वच्छलाबाईंनीच पाटी पुढे केली. म्हणाल्या, "आता बिगीबिगी नको. हयूहयू सांगा."

आता वाचनमाला बंद आहे. दुपारी थोडा वेळ बसतो. एक बाई तिचा शब्द सांगते, तो मी लिहिते. त्यातलं एक अक्षर धरून दुसरा शब्द शोधतो. 'डोया' लिहिलं तेव्हा त्यांना आधी हसू आलं आणि मग सगळ्यांनी शेवंतीकडे पाहिलं. त्यानंतर मी 'डोळा' लिहिलं आणि सांगितलं, कागदावर असा येतो, बोलताना तसा, दोन्ही एकच. एक आठवडा त्याच दोन अक्षरांत गेला. पण आता तो शब्द कुठेही दाखवला, उलटसुलट दाखवला, तरी ओळखतात. पहिल्यापेक्षा निम्म्याच बायका येतात. रोज येतात मात्र.

सासूबाई येत नाहीत. स्वयंपाकघरात भांडी घासतात. त्यांची भांडी हल्ली वर्गाच्या वेळीच निघतात, आणि घासताना आवाज येत नाही. मी त्यांना बोलावत नाही. ये म्हणायचा हक्क मला उरलेला नाही असं वाटतं.

तू ये. त्या तुला काही बोलणार नाहीत. ते सोसायची तयारी ठेवून ये.

लता

धुळे, ता. २४ नोव्हेंबर १९४०

चि. लता हिस आशीर्वाद.

सुखरूप पोचले. यायला मला एवढा काळ लागला, याबद्दल तू अक्षर बोलली नाहीस. शेवंती माझ्याकडे पाहताना सबंध मान वळवते, हे तू एकाही पत्रात लिहिले नव्हतेस. का लिहिले नाहीस ते समजले.

पाटावर बसले, पण मी ताटाला हात लावला नाही. भिकुबाईंनी पाहिले, ताटात आणखी वाढले आणि म्हणाल्या, "खा. रागानं पोट भरत नाई अन् लाजेनंही." मी खाल्ले.

तू सांगितलेस की, भिकुबाई पावसाळ्यात एक दिवस आपणहून येऊन मागे बसल्या आणि नंतर येत राहिल्या. मी ऐकून घेतले, पण मला भीती वाटत होती. तू त्यांना वाचायला सांगशील आणि मला पुन्हा परीक्षक म्हणून तिथे बसावे लागेल. म्हणून कापसाच्या भावाची बातमी असलेले वर्तमानपत्र घेऊन त्या स्वतःच माझ्यापुढे बसल्या तेव्हा मी उठायच्या बेतात होते.

किती सावकाश वाचत होत्या. एका शब्दाला इतका वेळ की, रस्त्याने गेलेली बैलगाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली. पण या वेळी मी त्यांच्या बोटाकडेच पाहत होते. जिथे बोट होते तिथलाच शब्द तोंडात होता. तीन ओळी झाल्या. चौथ्या ओळीत त्या अडल्या. मनात जुळवून पाहिले, ओठ हलवले. मला वाटले, आता काहीतरी ठोकून देतील, आणि मी ऐकून घेईन.

त्यांनी बोट तिथेच दाबून ठेवले, मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हा शबूद मले येत नाई. काय लिहिलं हाये इथं?"

'निर्यात' असा साधा शब्द. सारा जन्म मुलींना शब्द सांगण्यात गेलेली मी, मला तो सांगता येईना. त्या थांबल्या. अजिबात घाई न करता, उत्तराची वाट पाहत थांबल्या. शेवटी तू आतून आलीस आणि वाकून सांगितलेस. त्यांनी तो दोनदा म्हटला, अर्थ विचारून घेतला, आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवले.

मंडळाकडून विचारणा आली आहे की, पहूरला वर्षभरात किती बायका साक्षर झाल्या. मी लिहून पाठवले, वर्ग चालू आहे.

तुझी,
कुंदामावशी